जुन्या फोटोंच्या टाइल्स घरी करायच्या आहेत: छपाई, गोंद, वार्निश याबद्दल सल्ला हवा

जास्वंद

नमस्कार मंडळी,

येत्या मार्गशीर्षात आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतात. गुहागरजवळच्या आमच्या घराच्या पडवीत झोपाळ्यामागे एक भिंत मोकळी आहे. तिथे जुन्या फोटोंच्या टाइल्स लावायच्या असं आम्ही भावंडांनी ठरवलंय. काचेच्या फ्रेमा नकोत. पडवीतल्या फ्रेमांमध्ये दर पावसाळ्यात बुरशी शिरते आणि फोटो काचेला चिकटून बसतो. आजोबांचा एक फोटो सध्या तसाच अडकलेला आहे.

न्हाणीघराच्या कामातून उरलेल्या ६ बाय ६ इंची पांढऱ्या चकचकीत टाइल्स माळ्यावर आहेत, पंधरा-सोळा तरी निघतील. घरी शाईच्या टाकीचा प्रिंटर आहे. व्हिडिओंमध्ये सगळे जण फोटो छापतात, गोंदाने चिकटवतात, वरून गोंदाचाच हात मारतात आणि झालं म्हणतात. पण मावसबहिणीने तशाच केलेल्या टाइल्सच्या कडा वर्षभरात उचलल्या आणि चेहरे पिवळे पडले, म्हणून हात घालायला धीर होत नाही.

घरच्या प्रिंटरवरचं चालेल का? वरून वार्निश की रेझिन? कोकणातल्या हवेत हे टिकेल का? शिवाय चार टाइल्स चहाच्या कपाखाली ठेवायला करायच्या आहेत, आणि आईला एक टाइल गॅसच्या शेगडीमागे भिंतीत हवी आहे, तिच्या आईचा फोटो असलेली. लग्नाचा एक ग्रुप फोटोही आहे. तो एका टाइलवर बसवला तर चेहरे तांदळाएवढे होतात. तो मोठा करून सहा टाइल्सवर पसरवता येईल का?

पिंपळपान

जास्वंद, घरच्या प्रिंटरचा विचार सोड. त्याच्या रंगीत शाया पाण्यात विरघळणाऱ्या असतात. ओला गोंद लागला की कुंकवाचा लाल आणि साडीचा निळा एकमेकांत उतरतात. वर आधी क्लिअर अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे दोन-तीन हलके हात मारून वाळवलं तर निभतं, पण जवळ कलर झेरॉक्सचं दुकान असताना हा खटाटोप कशाला? झेरॉक्सच्या मशिनमध्ये टोनर असतो, म्हणजे प्लॅस्टिकची रंगीत पूड. ती गरम रोलरखाली कागदावर वितळून बसते. तिला पाण्याने काही होत नाही.

पांढरा पीव्हीए गोंद, म्हणजे लाकडाला लावतात तो, चिकटवायला ठीक आहे, पण वरचा हात म्हणून मुळीच नको. सुकल्यावर काचेसारखा दिसतो आणि दमट हवेत पुन्हा चिकट होतो. डिकूपाजचा (वस्तूवर कागद चिकटवून सजवण्याच्या कलेचा) ग्लू किंवा अ‍ॅक्रिलिक मीडियम घे, चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतं. रेझिन आणि कपाखालच्या टाइल्सबद्दल नंतर सविस्तर लिहिते, आत्ता शिकवणीची मुलं आलीत.

डार्करूम

जास्वंदताई, कराडला माझा फोटो स्टुडिओ होता, आता मुलगा बघतो. लग्नाचे रोल धुण्यापासून मगवर फोटो छापण्यापर्यंत सगळं त्या एका गाळ्यात झालं. म्हणून गोंदाच्या आधी थोडं अल्बमबद्दल लिहितो, कारण टाइल बिघडली तर दुसरी करता येते, फोटोचं तसं नाही.

मूळ फोटोला गोंद लागता कामा नये. घरात बहुधा एकच प्रत असते आणि निगेटिव्ह कधीच हरवलेली असते. आधी सगळे फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करून घ्या आणि फाइल दोन ठिकाणी ठेवा. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो अडकले असतील तर ओढू नका. दात साफ करायचा बारीक दोरा मिळतो, तो फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवत नेला की बहुतेक फोटो सुटतात. आजोबांचा जो फोटो काचेला चिकटलाय तो मात्र काचेवरून काढायचा प्रयत्नच करू नका. चेहऱ्याचा थर काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. काच बाहेरून स्वच्छ पुसा, फ्रेम खिडकीजवळ अशी धरा की उजेड बाजूने तिरका येईल, आपल्या मागे काळं कापड टांगा म्हणजे काचेत प्रतिबिंब पडणार नाही, आणि काचेसकट फोटो काढा. त्यावरून टाइल उत्तम होते.

त्या काळातलं लग्न म्हणजे फोटो ब्लॅक अँड व्हाइट असणार. त्यांच्या काळ्या भागावर, विशेषतः कडांना, निळसर चंदेरी झाक आली असेल. ती कागदातली चांदी वर आलेली असते. स्कॅनरमध्ये तिथे धुकं दिसतं. असा फोटो स्कॅन करण्यापेक्षा तिरक्या उजेडात कॅमेऱ्याने टिपलेला बरा येतो. तुम्हा भावंडांच्या लहानपणचे रंगीत फोटो असतील तर ते लालसर झाले असतील, कारण त्या काळच्या रंगीत कागदातला निळसर रंग सगळ्यात आधी उडतो, अल्बम बंद असला तरी. कुठल्याही साध्या फोटो सॉफ्टवेअरमध्ये लाल थोडा उतरवून निळा-हिरवा चढवला की कातडीचा रंग बराच परत येतो.

आता एक कळकळीची विनंती. मोबाइलवरची चेहरा गुळगुळीत करणारी आणि फोटोत आपणहून रंग भरणारी अ‍ॅप्स या कामाला वापरू नका. आजीच्या कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण ती डाग समजून पुसतात. देवीचे व्रण पुसतात. डोळे दुसऱ्याच कुणाचे तरी बसवतात. दुकानात लोक असे फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, आजी छान दिसते पण आमची वाटत नाही. धूळ, ओरखडे, घडीची रेघ एवढंच काढा. स्टुडिओतला रंगवलेला पडदा, कुंडी, बाबांच्या हातात मुद्दाम दिलेलं घड्याळ हे सगळं ठेवा. बॅकग्राउंड कापून पांढरी करायचा मोह अनेकांना होतो. तसं केलं की माणूस हवेत उभा राहतो.

छपाईकडे येतो. झेरॉक्सच्या मशिनवर फोटो अपेक्षेपेक्षा काळा येतो, आणि बाबांचा कोट म्हणजे नुसता काळा ठिपका होतो. शिवाय वरून वार्निश चढलं की सगळं आणखी गडद दिसतं. डार्करूममध्ये आम्ही मोठा फोटो काढण्याआधी कागदाच्या एका पट्टीवर कमी-जास्त उजेड देऊन टेस्ट स्ट्रिप काढायचो. तुम्हीही तेच करा. एका ए-४ कागदावर एकाच चेहऱ्याचे चार तुकडे घ्या, एक आहे तसा, बाकीचे मधल्या छटा पायरीपायरीने उजळ केलेले. छापून आणा, एका टाइलवर लावा, वार्निशचा हात मारा, वाळल्यावर पडवीतल्या उजेडात बघा. त्यातला कुठला घ्यायचा हे तिथेच ठरतं, संगणकाच्या पडद्यावर ठरत नाही. ब्लॅक अँड व्हाइट फोटोला अगदी किंचित तपकिरी छटा द्या आणि रंगीत म्हणून छापा. न्हाणीघराच्या टाइलचा पांढरा थंड, निळसर असतो. त्यावर नुसता काळा-पांढरा चेहरा आजारी दिसतो.

टाइलवर फोटो आणायच्या घरगुती रीती मुख्यतः दोन. एकीत कागद चिकटवायचा. दुसरीत फोटो उलटा, म्हणजे आरशातला, छापून घ्यायचा, अ‍ॅक्रिलिक जेल मीडियम लावून तोंडाकडून टाइलवर दाबायचा, रात्रभर वाळू द्यायचा आणि मग ओल्या स्पंजाने कागद भिजवून बोटाने चोळून काढायचा. टोनर जेलमध्ये अडकून टाइलवर राहतो, कागद जातो. या दुसऱ्या रीतीत पाणी प्यायला कागदच उरत नाही, म्हणून दमट हवेला ती जास्त पुरते. पण चोळताना कुठे तरी टोनर निघतोच. तो डोळ्यातून निघाला तर फोटो गेला. म्हणून माझी शिफारस अशी, की चेहरे असतील तिथे कागद चिकटवा, आणि घराचा जुना फोटो, विहीर, आजोबांच्या अक्षरातलं पत्र, लग्नपत्रिका अशा गोष्टींना टोनर उतरवण्याची रीत वापरा. पत्राला तर तीच शोभते, कारण अक्षर थेट टाइलवर लिहिल्यासारखं दिसतं. चोळून वाळवल्यावर कागदाच्या तंतूंची पांढरी कूस राहते, ती पुन्हा ओली करून चोळा. शेवटची पुसट कूस वार्निशखाली दिसेनाशी होते.

कागद चिकटवायचा तर टाइल साबणाने धुऊन, वाळवून, पॉलिशच्या स्पिरिटने पुसा. त्यानंतर तिच्या पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, फक्त कडांना धरायचं. त्याआधी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी थोडी मारली तर पकड चांगली बसते. कागद साधा ८० जीएसएमचा हवा, जाड फोटो पेपर किंवा आर्ट कार्ड नको, कारण जाड कागदाची कड झाकली जात नाही. आणि कागद टाइलपेक्षा चारही बाजूंनी २ मिलिमीटर लहान कापा. तुमच्या बहिणीच्या टाइल्सच्या कडा उचलल्या त्याचं कारण मला इथेच दिसतं. कागद टाइलच्या कडेपर्यंत नेला की त्याची कापलेली कड उघडी राहते आणि हवेतलं पाणी तिथून आत शिरतं. २ मिलिमीटरची मोकळी चौकट ठेवली तर वरचा ग्लू आणि वार्निश कागदावरून उतरून सरळ टाइलला जाऊन धरतात आणि कागद आत बंद होतो. पिवळेपणा येतो तो बहुधा तेलाच्या वार्निशमुळे, जे लाकडाला मारतात. पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिक वार्निश घ्या.

कागदाच्या पाठीला पातळ ग्लू लावून दोन मिनिटं थांबा. ओला कागद जरा वाढतो. तो टाइलवर ठेवल्यानंतर वाढला तर सुरकुती पडते, आधी वाढू दिला तर वाळताना ताणून बसतो. मग मधून बाहेर अशा दिशेने जुन्या एटीएम कार्डाने हवा काढा. एक दिवस वाळू द्या. वर ग्लूचे दोन पातळ हात, दुसरा पहिल्याला आडवा, मग वार्निशचे तीन.

आणि हे पावसात करू नका. हवेत पाणी असताना वार्निश मारलं तर त्याखाली दुधासारखा पांढुरका थर धरतो. श्रावण-भाद्रपदात स्कॅनिंग, निवड, छपाईच्या चाचण्या उरका. घट बसले की टाइल्स हातात घ्या. ऑक्टोबरच्या उन्हात काम सुरळीत होतं आणि मार्गशीर्षापर्यंत वार्निश पूर्ण कडक होतं.

जास्वंद

काका, तुमचा प्रतिसाद भावाला वाचून दाखवला. आजीच्या हनुवटीवर खरंच तीन ठिपक्यांचं गोंदण आहे, आणि भावाने मोबाइलवर साफ केलेल्या फोटोत ते नाहीये. तो फोटो बाद.

अजून दोन शंका. चिपळूणला मगवर फोटो छापून देणारे एक दुकान आहे. त्यांच्याकडे आमच्या टाइल्स दिल्या तर त्याच मशिनवर छापून मिळतील का? आणि भिंत चिऱ्याची आहे, वर चुन्याचा जुना गिलावा. त्यावर टाइल्स सरळ सिमेंटने बसवायच्या का?

गिलावा

भिंतीचं मी सांगतो, फरशीची कामं घेतो मी, बरीचशी कोकणातच.

सिमेंटने अजिबात बसवू नका. भिंतीच्या टाइलला वरून काच असते, पण आतली भाजलेली माती सच्छिद्र. ती स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते. सिमेंटमध्ये बसवायच्या टाइल्स आम्ही आधी पाण्यात बुडवून ठेवतो ते त्यासाठीच. आता विचार करा, तुम्ही महिनाभर खपून फोटो लावलेली टाइल कुणी तरी बादलीत बुडवणार. नाही बुडवली तर सिमेंटच्या ओल्या मालातलं पाणी ओढून घेणार. दोन्हीकडून पाणी कडेला येतं. त्यात चिरा स्वतः पावसाळ्यात ओल धरतो आणि चुन्यातून खार बाहेर टाकतो. तो टाइलच्या सांध्यातून पांढरा फुलून येतो.

त्यापेक्षा टाइल्स फळीवर लावा. ८ मिलिमीटरची सिमेंट फायबर शीट किंवा चांगला मरीन प्लाय मापाने कापून घ्या. टाइलच्या पाठीला न्यूट्रल सिलिकॉनचे पाच ठिपके देऊन शीटवर चिकटवा. शीटच्या मागे बोटभर जाडीच्या पट्ट्या मारा, म्हणजे भिंत आणि शीट यांच्यामध्ये हवा खेळेल. मग स्टेनलेस स्क्रूने भिंतीला अडकवा, चुन्याच्या गिलाव्यात नको, प्लग खालच्या चिऱ्यात गेला पाहिजे. ६ बाय ६ ची टाइल साधारण पाव किलो भरते. बारा टाइल्स आणि शीट मिळून वजन फार होत नाही, पण चार ठिकाणी धरा. उद्या भिंतीला रंग द्यायचा झाला तर अख्खं उतरवता येईल, हा फायदा वेगळाच.

सांध्यात पांढरं ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या फटी बुजवायचा माल, भरायचं नाही. ओलं ग्राउट पुसताना स्पंज वार्निशवर फिरतो आणि बारीक वाळू ओरखडे काढते. सांधा २ मिलिमीटरचा मोकळा ठेवा, मागची शीट आधी गडद रंगवून घ्या, म्हणजे तो सांधा सुबक दिसतो.

माळ्यावरच्या टाइल्स आधी दोन दिवस कडक उन्हात ठेवा. इतकी वर्षं ओल पीत असतील. आणि प्रत्येकीला नखाने टिचकी मारून बघा. खणखणीत वाजली तर चांगली, भद्द वाजली तर तडा आहे, बाजूला काढा.

पिंपळपान

आले परत. मगवाल्या दुकानाचं मला माहीत आहे. तुझ्या न्हाणीघराच्या टाइल्सवर ते छापू शकणार नाहीत. त्या छपाईत शाई साधारण २०० अंशांच्या उष्णतेत वाफ होऊन प्लॅस्टिकच्या लेपात शिरते. मगवर किंवा त्यांच्या टाइलवर तो लेप कारखान्यातच दिलेला असतो. नुसत्या काचेच्या थरात वाफ शिरत नाही, पुसलं की निघून जातं. त्यांच्याकडे लेप दिलेल्या टाइल्स मिळतात का ते विचार.

कपाखाली ठेवायला मात्र त्याच टाइल्स कर. ग्लू आणि वार्निशवाली टाइल गरम कपाला चिकटते. रेझिन ओतून टाइल आरशासारखी दिसते खरी, पण घरी वापरायची बरीचशी रेझिन ५०-६० अंशांना मऊ पडायला लागतात आणि चहा त्याहून कितीतरी गरम. कपाच्या बुडाचं वर्तुळ कायमचं उमटतं. उजेडात रेझिन पिवळंही पडतं. ओतताना हातमोजे हवेत, खोली उघडी हवी, लहान मुलं लांब हवीत. पडवीतल्या टाइल्सना रेझिनची गरजच नाही.

माझं एक मत सांगू का? कपाखालच्या टाइल्सवर माणसं नकोच. आईच्या लग्नातल्या चेहऱ्यावर रोज उष्टा कप ठेवायचा, हे तिलाही बरं वाटणार नाही. तुमच्या घराची खिडकी, तुळशीवृंदावन, झोपाळ्याची पितळी कडी, तिच्या एखाद्या साडीचा काठ, असे फोटो घे. साडीचा काठ तर स्कॅनरवर ठेवूनच स्कॅन होतो, विणीचा धागा न् धागा दिसतो. टाइलच्या खाली कॉर्कची शीट चिकटव, नाही तर टेबलावर चरे पडतात.

वसईकर

शेगडीमागच्या टाइलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिथे तेल उडणार, रोज घासणी फिरणार, आच लागणार. गोंद, वार्निश, मगवाली छपाई, यातलं काहीच तिथे टिकणार नाही. तिथे भाजलेलाच फोटो हवा.

आमच्या वसईत चर्चच्या दफनभूमीत गेलात तर कितीतरी क्रुसांवर लंबगोल चिनी मातीच्या चकत्या दिसतील, वर माणसाचा फोटो. उन्हापावसात उघड्यावर असतात, पोरं बोटं फिरवतात, दर नोव्हेंबरला घरचे लोक येऊन पाण्याने धुतात. माझ्या आजोबांच्या क्रुसावरच्या चकतीत त्यांच्या मिशीचा केस न् केस अजून दिसतो. ही कला युरोपातून आली. १८५४ मध्ये बुलो आणि कातें या दोघा फ्रेंच छायाचित्रकारांनी चिनी मातीवर फोटो भाजून पक्का करण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं होतं.

टिकण्याचं कारण साधं आहे. यातले रंग शाईचे नसतात, धातूंच्या ऑक्साइडचे असतात आणि ते काचेच्या पुडीबरोबर टाइलवर भाजले जातात. आजकाल असा फोटो खास प्रिंटरवर पातळ पापुद्र्यावर छापतात. तो पाण्यात सोडला की सुटतो, तो टाइलवर सरकवून बसवतात आणि भट्टीत साधारण ८०० अंशांच्या आसपास भाजतात. पापुद्रा जळून जातो, रंग टाइलच्या काचेत मुरतो. मग घासणी फिरवा की काहीही करा. घरी हे होणार नाही, पण क्रुसासाठी अशा चकत्या करून देणारे चौकोनी टाइलही करून देतात. दफनभूमीच्या दारातल्या संगमरवराच्या दुकानात विचारलं की पत्ता मिळतो. आईच्या आईचा फोटो त्यांच्याकडूनच करून घ्या. खर्च एकाच टाइलचा आहे. रंगीत नको म्हणावं, भट्टीत भाजल्यावर लाल-गुलाबी छटा सांभाळणं अवघड असतं. तपकिरी किंवा काळा फोटो फार देखणा येतो.

भाजलेलं चित्र किती टिकतं ते बघायचं असेल तर पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जा. तिथल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स जोर्ज कोलासो यांनी १९३५ मध्ये केलेल्या. ते फोटो नव्हेत, हाताने रंगवलेली चित्रं आहेत, पण एक मोठं चित्र अनेक टाइल्सवर पसरतं तेव्हा सांध्यांमुळे त्याचं काय होतं हे तिथे उभं राहून नीट कळतं. तुमच्या ग्रुप फोटोसाठी बघण्यासारखं आहे.

जास्वंद

आई आज हे सगळं ऐकत होती. शेगडीमागे भाजलेली टाइल ठरली, आणि कपाखाली तिच्या पैठणीचा काठ हवाय. काका, आता ग्रुप फोटोचं सांगा ना. पोस्टकार्ड आकाराचा आहे, मांडवात काढलेला, तीन रांगा, पस्तीसेक माणसं.

डार्करूम

वसईकरांनी मोठं काम सोपं केलं. गिलावा यांचं फळीचंही मनापासून पटलं.

ग्रुप फोटोचा हिशोब असा. आडव्या तीन आणि उभ्या दोन टाइल्स. टाइल १५० मिलिमीटरची, सांधा २ मिलिमीटरचा, म्हणजे पूर्ण चित्र ४५४ बाय ३०२. तुमचा फोटो ६ बाय ४ इंच असेल तर ६०० डीपीआयला ३६०० बाय २४०० ठिपके मिळतात. एवढ्या मोठ्या आकारात त्याचे इंचाला साधारण २०० ठिपके पडतात. भिंतीवर हातभर लांबून बघायला ते भरपूर आहेत. मूळ फोटो नीट फोकसमध्ये असेल तर चेहरे ओळखीचे येतील.

आता महत्त्वाचं. चित्राचे सलग सहा तुकडे करायचे नाहीत. सांधा २ मिलिमीटर आणि दोन्ही टाइल्सवरची मोकळी चौकट २-२, म्हणजे शेजारच्या दोन कागदांमध्ये ६ मिलिमीटर अंतर पडतं. तेवढी पट्टी चित्रातून सोडून द्यायची, छापायचीच नाही. ती न सोडता तुकडे लावले तर मांडवाचा तिरका खांब प्रत्येक सांध्यावर बाजूला सरकलेला दिसतो, आणि सतरंजीची तिरकी कड पायरीसारखी तुटते. पट्टी सोडली की डोळा सांधा ओलांडून रेघ आपोआप जोडतो.

त्या पट्टीत कुणाचा चेहरा जाता कामा नये. उभे सांधे दोन आहेत, आडवा एक. आडवा सांधा रांगांच्या मध्ये, मागच्यांच्या छातीवर आणि पुढच्यांच्या डोक्याच्या वर आणायचा. उभे सांधे खांद्यांच्या फटीत. तीन रांगांत माणसं एकाआड एक उभी असल्यामुळे सगळ्या रांगांना एकच उभी रेघ सोयीची पडत नाही. मग चित्र थोडं डावी-उजवीकडे सरकवा, किंवा ४-५ टक्के लहान-मोठं करा. कडेचा मांडव थोडा कापला गेला तरी चालेल. त्यातूनही एखादा चेहरा सापडलाच तर फोटो पाच टक्के आणखी लहान करून चहूकडे पांढरी किनार ठेवा. नवरा-नवरी बहुधा मधोमध असतात, आणि तीन टाइल्सच्या मांडणीत मध्यावर सांधा येत नाही, टाइल येते. म्हणून चार नको, तीनच घ्या.

छपाईला ए-३ पुरत नाही. तालुक्याला डिजिटल प्रेस असेल तिथे १२ बाय १८ इंची कागद असतो. त्यावर १४६ मिलिमीटरचे सहा तुकडे, आडवे तीन आणि उभे दोन, बरोबर बसतात. सगळे एकाच कागदावर, एकाच वेळी छापले की सहाही टाइल्सचा रंग एकसारखा येतो. वेगवेगळ्या दिवशी छापले तर एक टाइल तांबूस आणि शेजारची करडी होते. ते लोक सवयीने जाड चकचकीत कागद लावतात. तुम्ही साधा मॅपलिथो, म्हणजे चकाकीचा लेप नसलेला पातळ कागद, मागा.

पस्तीस माणसांची नावं आत्ताच, आईबाबांना समोर बसवून, लिहून घ्या. नातं, गाव, जमलं तर मुलींची माहेरची नावं. टाइलच्या पाठीवरची माती खरबरीत असते, त्यावर मऊ पेन्सिलीने लिहिलेलं टिकतं, मार्करची शाई उडते. प्रत्येक टाइलमागे तिच्यातल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे लिहा आणि मगच शीटवर चिकटवा. चिकटवल्यावर ती दिसणार नाहीत, म्हणून तीच यादी एका कागदावर करून अल्बममध्ये मूळ फोटोच्या मागे ठेवा. मांडवातल्या फोटोत हमखास दोन-तीन माणसं अशी असतात की घरात कुणालाच नाव आठवत नाही. त्यांचे चेहरे कापून मोबाइलवरून आधी मुंबईच्या नातेवाइकांना पाठवा. आमच्याकडे अशा एका चेहऱ्याची ओळख थेट बडोद्याहून आली होती.

कागद कापून झाले की गोंद लावण्याआधी सहाही तुकडे टाइल्सवर कोरडेच मांडा आणि खुर्चीवर उभं राहून वरून बघा. एखादा सांधा खटकला तर १२ बाय १८ चा आणखी एक कागद छापायला फार खर्च नाही.